मदत हवी आहे: समोर घार आली तर वर जायचं, वळायचं की धडक बसू द्यायची? (सेसना १७२, छोटं प्रशिक्षण विमान)

मंडळी, वैमानिकाचं प्रशिक्षण चालू आहे, ६० तास झालेत. परवा एकटाच सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) मारत होतो. टेकऑफनंतर ४०० फुटांवर, वेग ७५ नॉट, आणि डावीकडून अचानक घार. मी काहीच केलं नाही. ठरवून नव्हे, सुचलंच नाही. धाडकन आवाज झाला. सर्किट पुरं करून उतरलो, तर डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला वाटीएवढा पोचा आणि स्ट्रटला (पंखाच्या आधाराच्या दांडीला) पिसं. बर्ड हिटचा रिपोर्ट दिलाय, विमान इंजिनियरच्या ताब्यात आहे.

सर म्हणतात, घाबरलेला पक्षी सहसा खाली सूर मारतो, म्हणून आपण वर जायचं. पण तेवढ्या उंचीवर नाक वर ओढलं की वेग पडणार, आणि स्टॉल झाला (पंखांची उचल गेली) तर सावरायला जागा कुठे? वळावं तर वळणात स्टॉलचा वेग आणखी वाढतो. सीनियर म्हणतो, बसू दे धडक. पण काचेवर बसली तर? मोठ्या प्रवासी विमानांच्या काचा ४ पौंडांच्या पक्ष्याचा तडाखा सोसतील अशा कराव्या लागतात. आमची साधी अ‍ॅक्रिलिकची. ती फुटली तर आधी काय करायचं?

(शेजारच्या शेतात नांगरट चालू होती, ट्रॅक्टरमागे बगळे नि घारी. निघण्यापूर्वी दिसलं होतं. त्यावरून बोलणी खाऊन झाली आहेत.)

प्रतिसाद १:
दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या उंचीला. ३००० फुटांवर १०५ नॉटनं चालला असशील तर वेग हाताशी असतो, हलकेच वर जा. ४०० फुटांवर नाक आहे तिथेच धर. काच फुटली तर डोकं पॅनेलमागे खाली घे, पॉवर कमी करून वेग उतरव. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. चष्मा घालत जा. लँडिंग लाइट दिवसाही चालू ठेव.

पण मला काचेपेक्षा दुसरीच काळजी वाटते. १९१२ मध्ये कॅलिफोर्नियात कॅल रॉजर्स हा वैमानिक गेला तो विमानाच्या कंट्रोलमध्ये सीगल अडकल्यामुळे. धडकेनंतर उंची घेऊन कंट्रोल तपासलेस का? पोचा आलेला पंख लवकर स्टॉल होऊ शकतो. उतरताना फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) किती घेतलेस?

धागाकर्ता:
पूर्ण, काका. आणि वेगही नेहमीचाच, ६५.