प्रतिसाद: धारणीकडे (मेळघाट) बीएसएनएलमध्ये पोर्ट करायच्या आधी हँडसेट तपासा

गावात बीएसएनएलचाच टॉवर आहे म्हणून जुन्या फोनवरच पोर्ट करता येईल का, म्हणजे नंबर तोच ठेवून बीएसएनएलमध्ये जाता येईल का, असं विचारलंय. येतं, पण आधी हँडसेट बघा. बीएसएनएलचं फोरजी मुख्यतः ७०० मेगाहर्ट्झ (बँड २८) आणि २१०० मेगाहर्ट्झ (बँड १) या लहरींच्या पट्ट्यांवर चालतं. बरेच जुने फोरजी फोन बँड २८ पकडतच नाहीत. मग टॉवर समोर असून उपयोग शून्य. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बँड पाहा. त्याहून खात्रीचं म्हणजे शेजाऱ्याचं बीएसएनएलचं सिम दोन मिनिटं आपल्या फोनात घालून घरात अन् वावरात कॉल लावून बघा. व्होल्टे (फोरजीवरून कॉल करायची फोनमधली सोय) चालू ठेवा.

जमलं तर इंग्रजी कॅपिटलमध्ये ‘PORT’, जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला. पॅकमध्ये एसएमएस नसला तरी तो जायला हवा, ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) २०२१ चा तसा आदेश आहे. उत्तरात येणारा आठ अक्षरी पोर्टिंग कोड चारच दिवस चालतो, म्हणून नवं सिम घ्यायला दुकानात जायच्या दिवशीच मागवा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. उरलेला बॅलन्स बुडतो. जुनं सिम बंद पडेपर्यंत काढू नका.