फरहात अब्बास स्वातंत्र्यानंतर बाजूला कसे पडले?

पर्वती_पायथा: एम.ए. इतिहासाच्या सेमिनारला 'स्वातंत्र्योत्तर अल्जीरिया' आलाय, पंधरा मिनिटं. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते फरहात अब्बास यांच्यावर बोलायचं ठरवलंय. पण एका यादीत पहिले राष्ट्राध्यक्ष अब्बास, दुसरीत बेन बेला. खरं काय? आणि 1962 मध्ये एवढ्या मानाच्या खुर्चीत असलेला माणूस 1964 मध्ये कैदेत कसा?

तळटीप: पदांची सरमिसळ झालीय. सप्टेंबर 1958 मध्ये कैरोत जाहीर झालेल्या, लढ्याच्या काळातल्या हंगामी सरकारचे अध्यक्ष अब्बास. ऑगस्ट 1961 मध्ये त्यांच्या जागी बेनखेद्दा आले. फ्रान्सपासून स्वातंत्र्य जुलै 1962 चं. सप्टेंबरमध्ये संविधान सभा निवडली गेली, तिचे अध्यक्ष अब्बास आणि पंतप्रधान बेन बेला. राष्ट्राध्यक्षपद आलं नव्या घटनेनंतर, सप्टेंबर 1963 मध्ये, आणि त्यावर बसले बेन बेला. मधल्या काळासाठी काही याद्या सभाध्यक्षालाच राष्ट्रप्रमुख धरतात, एवढंच.

बिनसलं ते घटनेवरून. घटना लिहिण्यासाठीच नेमलेल्या सभेला डावलून मसुदा सत्ताधारी पक्षात, म्हणजे मुक्ती आघाडीत (FLN), तयार झाला आणि जुलै 1963 च्या शेवटी अल्जीअर्सच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात पक्षकार्यकर्त्यांपुढे मांडला गेला. सभेनं नुसता शिक्का मारायचा! अब्बासांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला, पक्षानं त्यांना काढून टाकलं. 1964 मध्ये अटक, रवानगी थेट सहारात, अद्रारला. सुटका जून 1965 मध्ये, संरक्षणमंत्री बूमेदियेननी बेन बेलांना उलथवलं त्याच महिन्यात.

शनिवारपेठ_२: बरोबर, पण त्यांना लोकशाहीचे हुतात्मे करू नका. 1962 च्या उन्हाळ्यात आघाडीतच त्लेमसेन गट विरुद्ध तिझी उझू गट अशी सत्तेसाठी झुंज लागली, तेव्हा अब्बास त्लेमसेनच्या, म्हणजे बेन बेला आणि बूमेदियेनच्या सीमेवरच्या फौजेच्या बाजूला होते. आणि ती सभा तरी कसली? 196 जागा, 196 उमेदवार, यादी एकच. नकोशी नावं आधीच गाळलेली. अब्बासांकडे ना फौज, ना एखादा विलाया (लढ्यातला लष्करी विभाग). स्वतःचा पक्ष तर 1956 मध्येच मुक्ती आघाडीत विलीन केलेला. राजीनाम्यानंतर रस्त्यावर उतरायला माणसं कुठून आणणार?

पर्वती_पायथा: 1965 नंतर काहीच नाही का?

तळटीप: आहे की. मार्च 1976 मध्ये चौघांच्या सह्यांचं एक पत्रक निघालं, बूमेदियेनची एकहाती सत्ता आणि पश्चिम सहारावरून मोरोक्कोशी चाललेला संघर्ष, दोन्हींवर टीका करणारं. सह्यांमध्ये अब्बास आणि तेच बेनखेद्दा! दोघेही पेशानं फार्मासिस्ट. नजरकैद झाली आणि दोघांची औषधाची दुकानंही सरकारनं ताब्यात घेतली. अब्बास डिसेंबर 1985 मध्ये वारले. सेतीफच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे.

शनिवारपेठ_२: वेळेचं सांगतो. 'अल्जीरियन राष्ट्र मला सापडलं नाही' हा अब्बासांचा 1936 चा लेख सगळेच आधी घेतात आणि तिथेच पाच मिनिटं जातात. एका वाक्यात उरका. आठ मिनिटं सप्टेंबर 1962 ते ऑगस्ट 1963 ला द्या, उरलेली 1976 ला. प्रश्न बहुतेक 'बेनखेद्दांशी वैर होतं, मग एकत्र सही कशी?' हाच येईल, त्याची तयारी ठेवा.