प्रति: दहावीनंतर मुलींची गळती

मुलींचे शिक्षण दहावीनंतर थांबते ते पालकांना त्याचे महत्त्व पटत नाही म्हणून, हे वरील मत मला अर्धेच मान्य आहे. माण तालुक्यातील आमच्या वाडीत महत्त्व सर्वांना पटलेले आहे. अडते ते परतीच्या एसटीपाशी. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत मिळतो, परंतु विज्ञान शाखेचे प्रात्यक्षिक पाच वाजता संपते आणि वाडीकडे येणारी शेवटची गाडी पावणेपाचलाच सुटलेली असते, त्यामुळे गणितात उत्तम गुण असूनही माझ्या पुतणीने मुकाट्याने कला शाखा घेतली. (कला शाखा कमी प्रतीची नव्हे, पण निवड तिची नव्हती.) कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले, तेव्हा खेड्यातील मुलाची अडचण वर्गाइतकीच मुक्कामाची असते हे त्यांनी ओळखले होते.

गेल्या वर्षापासून वाडीतीलच बी.एस्सी. करणारी एक मुलगी दहिवडीत, म्हणजे तालुक्याच्या गावी, खोली घेऊन राहते आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी अकरावीच्या तिघींना मुक्कामाला ठेवून घेते. रात्री त्या तिच्याच जुन्या वह्यांवरून अभ्यास करतात. यंदा विज्ञान शाखेचा अर्ज भरताना त्यांच्या धाकट्या बहिणींच्या घरी वाद झाला नाही.