युद्धपटात मार्च हवीच कशाला?

धागाकर्ता
युद्धपटांसाठी रचलेल्या मार्च, म्हणजे सैन्याच्या कूचीच्या ठेक्यावरच्या धुना, मला मनापासून आवडतात, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटते. 'बॅटल ऑफ ब्रिटन' (१९६९) साठी रॉन गुडविनने जर्मन हवाई दलाला दिलेली मार्च ऐका. श्रेयनामावली चालू आहे, जर्मन सेनाधिकारी बॉम्बफेक्या विमानांच्या रांगांची पाहणी करतोय, आणि पितळी वाद्यं अशी काही दणदणतात की पाय आपोआप ठेका धरतो. कोणासाठी? लंडनवर बॉम्ब टाकायला निघालेल्यांसाठी! पुढे हीच धून ब्रिटिश लष्करी बँडही वाजवू लागले. मार्चला शत्रू-मित्र कळत नाही. ती पाय उचलते आणि डोकं गप्प करते. माझ्या मते युद्धपटातून ती हद्दपार व्हावी.

तालवेडा
साफ असहमत. 'अ ब्रिज टू फार' (१९७७) चा संगीतकार जॉन ॲडिसन दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात अधिकारी होता. हॉलंडमधले पूल काबीज करण्याच्या सप्टेंबर १९४४ च्या ज्या फसलेल्या मोहिमेवर तो चित्रपट आहे, तिच्यात तो स्वतः होता. तरी त्याने मार्च लिहिली ती उमदी, जवळजवळ खेळकर. का? कारण निघताना पोरं त्याच उमेदीत होती. तिथल्या आर्नहेम गावाशी विमानांतून उतरलेल्या सुमारे १० हजार सैनिकांपैकी २ हजारांवर थोडेच परतले. पहिल्या दृश्यापासून रडकं संगीत लावलं असतं, तर ती उमेद कशी मोडली हे कळलंच नसतं.

पितळी सूर
अमेरिकन सेनापती पॅटनवरचा 'पॅटन' (१९७०) राहिलाच. जेरी गोल्डस्मिथने ट्रंपेटचे तीन-तीन सुरांचे तुकडे प्रतिध्वनीच्या यंत्रातून काढलेत. ते विरत विरत जातात, जणू जुन्या लढायांमधून ऐकू येतायत. पॅटनचा पुनर्जन्मावर विश्वास होता, हे त्या सुरांतच आलं. सोबत ऑर्गन, आणि मग मार्च. इथे डोकं गप्प बसत नाही, उलट हा माणूस नक्की कोण असा प्रश्न पडतो.

धागाकर्ता
गोल्डस्मिथचं मान्य, पण तो अपवाद. 'द डॅम बस्टर्स' (१९५५) घ्या. बाकीचं पार्श्वसंगीत लेटन लुकासचं, पण लोकांच्या ओठी राहिली ती एरिक कोट्सची मार्च. चित्रपट आहे जर्मन धरणं बॉम्बने फोडण्याच्या ब्रिटिश मोहिमेवर. मे १९४३ च्या त्या मोहिमेत १३३ वैमानिक-कर्मचारी गेले, ५३ मेले. धरणांखाली हजारावर माणसं बुडाली, त्यांत कितीतरी वेठीला धरलेले परदेशी मजूर होते. त्या धुनेत यातलं काय उरलंय?

तालवेडा
शेवट विसरलात. मोहीम फत्ते झालीये, बॉम्ब तयार करणारा वॉलिस आपल्या माणसांच्या मरणाने खचलाय, आणि तुकडीचा प्रमुख गिब्सन काही पत्रं लिहायची आहेत म्हणून निघतो, अर्थात मेलेल्यांच्या घरी. तोवर मार्चने आपल्याला विजयाच्या धुंदीत नेलेलं असतं, म्हणून तर ती पत्रं जड होतात. मजुरांचं तुमचं दुःख खरं आहे, मलाही ते बोचतं. पण दिग्दर्शकाने कॅमेरा त्यांच्यापाशी थांबवला नाही, त्याचा जाब कोट्सला का विचारायचा?