मदत हवी आहे: मे महिन्यात पुण्याहून चिपळूणला केक कसा न्यायचा?
नमस्कार मंडळी, सासूबाईंचा ७५ वा वाढदिवस मे मध्ये चिपळूणला करतोय आणि केक मीच करणार आहे, एगलेसच, घरात अंडं चालत नाही. स्पंजची काळजी नाही, दही आणि खायचा सोडा घालून छान जाळीदार होतो, मध्ये हापूसच्या फोडी घालायच्यात. प्रश्न क्रीमचा आहे. कुंभार्ली घाटातून ५-६ तास गाडी, वर कोकणातला तो दमटपणा, डेअरी क्रीम तर सोडाच पण नॉन-डेअरीसुद्धा अशा उकाड्यात मऊ पडतं. एकतर स्पंज नुसता गुंडाळून न्यायचा आणि क्रीम आइसबॉक्समधून नेऊन तिथेच फेटायचं (पण तिथे ऐन दुपारी लाइट जाते), नाहीतर केकला बाहेरून गनाश (चॉकलेट-क्रीमचं मिश्रण) लावायचं, २ भाग डार्क चॉकलेटला १ भाग क्रीम, ते घट्ट बसतं. पण हापूसवर डार्क चॉकलेट मला अजिबात पटत नाही, सासूबाईंना आंब्याचीच चव आधी लागली पाहिजे हो! व्हाइट चॉकलेटचं गनाश ३:१ ने कोणी भर उन्हाळ्यात केलंय का, प्रवासात टिकतं का? आणि फोडींना पाणी सुटून स्पंज ओला होऊ नये म्हणून काय करता, त्याऐवजी रस आटवून घालू का? प्लीज लवकर सांगा, सामान आणायचंय.