सेंट किट्सच्या लोकांनी ब्रिमस्टोन हिल कसा जपला? नाशिकसाठी विचारतेय

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी पंचवटीत राहते. रविवारी सकाळी शाळेतल्या मुलांना घाट, नारोशंकराचं देऊळ, सरकारवाडा आणि जुन्या नाशकातले उरलेसुरले वाडे दाखवते. पुढच्या महिन्यात एका महाविद्यालयात वारसा जतनावर बोलायचं आहे. युरोपातलं उदाहरण दिलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, त्यांच्याकडे पैसा आहे. म्हणून या वेळी मुद्दाम छोटा देश शोधला. कॅरिबियन समुद्रातलं सेंट किट्स बेट, शेजारच्या नेविस बेटासकट अख्ख्या देशाची वस्ती 50 हजारांच्या आसपास. आपल्या एकट्या सिडकोत याहून कितीतरी जास्त माणसं राहतात.

तिथे ब्रिमस्टोन हिल नावाचा डोंगरी किल्ला आहे. 1690 मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांवर मारा करायला डोंगरावर पहिल्या तोफा चढवल्या आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं बांधकाम चालू राहिलं. आराखडे इंग्रज लष्करी अभियंत्यांचे, अंगमेहनत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची. 1782 मध्ये सुमारे 8 हजार फ्रेंच सैनिकांनी वेढा घातला, आत हजारेक माणसं होती, महिनाभर झुंजून त्यांनी किल्ला सोडला. पुढच्याच वर्षी तहात बेट इंग्रजांना परत मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पलटण निघून गेली आणि मग किल्ल्याची खरी पडझड सुरू झाली. तोफांनी झालं नाही ते लोकांनी केलं, घडीव दगड काढून नेले.

हे वाचून थांबले, कारण आमच्या गल्लीतला एक वाडा गेल्या पावसाळ्यानंतर उतरवला. कोरीव खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले, जोत्याचे दगड कुणाच्या तरी शेतघराच्या कुंपणाला गेले. चौकातलं तुळशीवृंदावन तेवढं दोन दिवस उघड्यावर उभं होतं, तेही मग गेलं.

मला विचारायचंय ते असं. दगडं पळवली गेलेला किल्ला 1999 मध्ये जागतिक वारसा यादीत कसा पोचला? आणि ज्यांच्या पूर्वजांना चाबकाखाली राबवून तो बांधला, त्या लोकांना तो जपावासा का वाटला? कुणी तिथे गेलं असेल तर जरूर लिहा.

बोटीवरचा_नाशिकरोड

ताई, मी प्रवासी जहाजावर इंजिन विभागात होतो, आता निवृत्त होऊन घरी आहे. सेंट किट्सची राजधानी बासटेअर, तिथल्या बंदरात आमचं जहाज लागायचं. एकदा सुट्टीच्या तासांत आम्ही चौघांनी गाडी केली आणि किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो. दोन्ही बाजूंना माजलेला ऊस. त्यांचा साखरधंदा 2005 मध्ये कायमचा बंद झाला. उसासाठी टाकलेली रूळवाट मात्र त्यांनी मोडीत काढली नाही, तिच्यावरून आता पर्यटकांची गाडी धावते. साखर कारखाना बंद पडला की आपल्याकडे आधी भंगाराचा लिलाव पुकारतात, म्हणून मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

किल्ला समुद्रापासून साधारण 800 फूट उंच. चढणीचा रस्ता अरुंद, वळणांचा. भिंती काळ्या दगडाच्या, आपल्या घाटासारख्याच, फक्त सांध्यांत पांढरा चुना ठळक दिसतो. वर जॉर्ज किल्ला म्हणून बालेकिल्ला आहे, तिथून शेजारची सेंट युस्टेशियस आणि साबा ही बेटं दिसतात. बालेकिल्ल्याच्या खोल्यांमध्ये संग्रहालय केलंय. मला वाटलं तोफा, गणवेश, इंग्रज अधिकाऱ्यांची नावं एवढंच असेल. तसं नाही. हे सगळं कुणाच्या हातांनी उभं राहिलं, ते तिथे स्पष्ट लिहिलंय. इंग्रज येण्याआधी बेटावर राहणाऱ्या मूळ लोकांनाही जागा दिली आहे.

वाट दाखवणारा माणूस तिथलाच, पन्नाशीचा. मी त्याला तुमचाच प्रश्न विचारला होता, जरा चाचरतच. त्याने मला भिंतीजवळ नेलं आणि दगडाच्या कडेवर हात ठेवायला सांगितलं. छिन्नीच्या रेघा बोटांना लागत होत्या, एकसारख्या, तिरप्या. तो म्हणाला त्याचा आशय असा, की हे आमच्या माणसांचं काम आहे, राजाचं नाही, आणि ते पडू दिलं तर ती माणसं इथे होती याचा पुरावाच संपेल. मला तरी याहून सरळ उत्तर सुचत नाही.

पैशाचं म्हणाल तर किल्ला सरकारी खातं चालवत नाही. 1965 मध्ये स्थानिक लोकांनी संस्था काढली, ती आजही कारभार पाहते. प्रवेश तिकिटाचा पैसा तिच्याकडे जातो. 1987 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, जागतिक यादी त्यानंतर. म्हणजे यादीत नाव येण्याआधी चौतीस वर्षं ही माणसं काम करत होती. जहाज लागलं की गर्दी, नाहीतर शुकशुकाट, असा तिथला हंगाम. तरी डागडुजी चालू असते.

चुनाभट्टी

मी वाडे आणि देवळांच्या दुरुस्तीची कामं घेतो, वडील गवंडी होते. काकांनी सांध्यांतला चुना पाहिला हे वाचून राहवलं नाही.

ब्रिमस्टोन हिलची खरी गंमत तिथेच आहे. डोंगर ज्वालामुखीचा, पण त्याच्या उतारांवर चुनखडी आहे. काळा दगड तिथलाच, चुनखडीही तिथलीच, आणि ती भाजायची भट्टी डोंगराच्या पायथ्याशी. भिंतीचं सगळं सामान हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे वेगळं काय होतं? दगड खाणीचा, चुनखडी नदीकाठच्या मातीतून गोळा केलेली, चुना मळायची घाणी बांधकामाच्या जागेवरच.

ताई, तुमच्या भाषणात हे नक्की सांगा. जुन्या भिंतीला सिमेंट लावणं ही दुरुस्ती नव्हे. चुना ओल आत घेतो आणि सोडतोही. सिमेंट ती कोंडून ठेवतं. कोंडलेली ओल दगडातून, विटेतून वाट काढते, सोबत क्षार घेऊन येते. ते क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. समुद्राकाठी खारा वारा असल्याने हे फार लवकर होतं, गोदाकाठी पुराचं पाणी भिंतीत चढतं म्हणून होतं. देवळाच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की चार-पाच पावसाळ्यांत खालचा हातभर पट्टा सुटायला लागतो. मी असा गिलावा काढला तेव्हा मागची वीट बोटाने उकरली जात होती. बाहेरून भिंत नवीकोरी होती.

कळीचा चुना विरवून पुष्कळ दिवस पाण्याखाली मुरू द्यावा लागतो. मग वाळू, सुरखी म्हणजे विटांची पूड घालून घाणीत मळायचा, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचं. वेळ जातो, म्हणून ठेकेदार टाळतात. निविदेत मुदत असते ती सिमेंटच्या हिशोबाने. आता 2027 चा कुंभ समोर आहे, पुन्हा घाईघाईत दगडांचे सांधे भरले जातील. मला भीती निधी नसण्याची नाही. निधी एकदम येतो आणि तेवढ्याच महिन्यांत खर्ची पडायला लागतो, त्याची आहे. त्या बेटावर संस्था 1965 पासून एका जागी बसून काम करतेय, हा फरक मोठा आहे. चक्रीवादळं त्यांच्याकडेही येतात. 1998 मध्ये जॉर्जेस वादळाने सेंट किट्सचं अतोनात नुकसान केलं, तरी पुढच्याच वर्षी किल्ला जागतिक वारसा झाला.

गोदाकाठची

काका, छिन्नीच्या रेघांचं वाचून उद्याच घाटावर जाऊन दगडांना हात लावणार आहे. इतकी वर्षं मुलांना मी पेशवे आणि सरदारांची नावं पाठ करून सांगितली. देऊळ कुणी बांधवलं ते सगळ्यांना ठाऊक असतं, बांधलं कुणी ते विचारायचं कुणी नाही. पाथरवटांची, गवंड्यांची घरं आजही जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडे जायला हवं.

वर्गाबाहेर

मी इतिहास शिकवतो. एक भर घालतो, आपल्या लोकांशी जवळची आहे म्हणून.

त्रिनिदाद बेटावर 30 मे 1845 ला फतेल रझाक जहाजातून पहिले हिंदी गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, उतरले. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 40 हजारांहून जास्त आले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, उसाच्या मळ्यांवर राबायला. नवीन आलेल्यांना पुढे नेल्सन नावाच्या छोट्या बेटावर ठेवायचे, तपासणी करून मग मळ्यांवर वाटायचे. ते बेट आता त्रिनिदादचा राष्ट्रीय न्यास सांभाळतो, तिथे सहली नेतो.

आणि वॉटरलू गावचं समुद्रातलं देऊळ. सिवदास साधू नावाच्या मजुराने किनाऱ्यावर मंदिर बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली. मंदिर पाडलं गेलं, त्याला तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर त्याने ठरवलं की समुद्र कुणाच्या मालकीचा नाही, तिथे बांधू. सायकलवरून दगडमाती वाहून भर घातली, वर्षानुवर्षं, एकट्याने. तो गेल्यावर लाटांनी ते खचवलं. 1995 मध्ये, पहिल्या जहाजाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, सरकारी मदतीने ते पुन्हा उभं राहिलं. विद्यार्थ्यांना सेंट किट्सबरोबर हेही सांगा. एकीकडे मालकाने बांधून घेतलेला किल्ला, दुसरीकडे मालकाने पाडलेलं देऊळ, आणि दोन्ही जपावेसे वाटले ते राबणाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांना.

सेंट किट्सवरही काम भिंतींपाशी थांबलेलं नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी किल्ल्यावर गुलाम राहत त्या जागा खणायला घेतल्या. त्या गुलामांचं नाव कुठल्या दप्तरात सापडो न सापडो, त्यांनी वापरलेली मातीची भांडी सापडली.

गोदाकाठची

सर, सिवदास साधूंची गोष्ट मी आधी सांगेन आणि किल्ल्याकडे मग येईन, असं ठरवलंय.

चुनाभट्टी दादा, तुमची घाणी सध्या कुठे चालू आहे? भाषणाआधी माझ्या रविवारच्या मुलांना चुना मळताना बघू द्याल का? सातवी-आठवीची आहेत.

चुनाभट्टी

आणा की. सिन्नर रस्त्यावर एका देवळाचं काम चालू आहे, पत्ता खाजगी निरोपात कळवतो. एका वेळी पंधरापेक्षा जास्त नको. सकाळी आठला या, त्या वेळी घाणी फिरत असते. चुना विरवताना उसळतो आणि डोळ्यांत गेला तर इजा करतो, त्यामुळे मुलांना खड्ड्यापासून लांब उभं करीन, मळलेला चुना मात्र हाताळायला देईन. हातमोजे मी आणतो. आमच्याकडे एक पाथरवट मामा आहेत, त्यांचे वडीलही हेच काम करायचे. त्यांना सांगून ठेवतो, तुम्ही वही घेऊन या.