डलिच हॅम्लेट: घराजवळच्या या गुलाबी-निळ्या फुटबॉल क्लबचा इतिहास कुणाला माहीत आहे का?

विक्रोळी_ते_कॅम्बरवेल

नमस्कार मंडळी. या उन्हाळ्यात आम्ही दक्षिण लंडनला, कॅम्बरवेलमध्ये राहायला आलो. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला फुटबॉलशिवाय दुसरं काही सुचत नाही. प्रीमियर लीगची तिकिटं मिळता मिळत नाहीत, आणि मिळाली तरी तिघांनी जायचं म्हणजे महिन्याचा किराणा त्यात जातो.

गेल्या शनिवारी डॉग केनेल हिलच्या सेन्सबरीजमध्ये सामान आणायला गेलो होतो. दुकानाच्या मागच्या बाजूला गुलाबी-निळे मफलर घातलेली माणसं रांगेनं एका मैदानात शिरत होती. त्यात आजीबाई होत्या, बाबागाड्या होत्या, दोघांतिघांबरोबर कुत्रीसुद्धा. फाटकावर नाव होतं डलिच हॅम्लेट. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव एडगर केल वे. मुलानं लगेच विचारलं, हा एडगर केल कोण? मला काही सांगता आलं नाही.

एवढं प्रेम करणारी माणसं आहेत तर हा क्लब मोठ्या लीगमध्ये का नाही? आणि हा किती जुना आहे? इथं राहणाऱ्या कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. मुलाला पुढच्या मॅचला न्यायचा विचार आहे, पण आधी त्याला गोष्ट सांगायची आहे.

शिवाजी_पेठेची

दादा, योग्य ठिकाणी विचारलंत. मी डेन्मार्क हिलला नर्स आहे. शुक्रवारची नाईट संपली की चार तास झोपायचं आणि तीनच्या मॅचला चॅम्पियन हिलवर, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या त्या मैदानावर, हजर व्हायचं, हे माझं बरीच वर्षं चाललंय. माहेर कोल्हापूरचं. आमच्याकडं तालमीची टीम शाहू स्टेडियमवर उतरली की सगळी पेठ उतरते, तेच बघत मोठी झाले. त्यामुळं लंडनमध्ये मला माझा फुटबॉल सापडला तो इथंच. जरा सविस्तर लिहिते.

मोठ्या लीगचं आधी सांगते. इंग्लंडमध्ये वरच्या चार पायऱ्यांवर मिळून 92 क्लब आहेत. प्रीमियर लीगचे 20 आणि खालच्या तीन विभागांत प्रत्येकी 24. त्याच्या खालचे सगळे नॉन-लीग. तिथंही पायऱ्या आहेत, वर चढणं-खाली घसरणं आहे, आणि नशिबानं साथ दिली तर तळातला क्लब वरपर्यंत पोहोचू शकतो. पण हॅम्लेटच्या बाबतीत ते वर जाऊ शकले नाहीत असं म्हणणं अर्धंच खरं आहे. त्यांच्या वैभवाच्या काळात त्यांना तिकडं जायचंच नव्हतं.

क्लबची स्थापना 1893 ची. लोरेन विल्सन नावाच्या गृहस्थांनी तो उभा केला, सगळे त्यांना 'पा' म्हणायचे. डलिच हॅम्लेट ही गावातली प्राथमिक शाळा, तिथून शिकून बाहेर पडलेल्या पोरांना खेळायला एक टीम हवी होती, म्हणून शाळेचंच नाव क्लबला लागलं. इस्थमियन लीग ही हौशी क्लबांची लीग सुरू झाली 1905 ला आणि हॅम्लेट तिच्यात आला 1907 ला. या लीगमध्ये खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत असा दंडक होता. त्यांचं ब्रीदच 'मान मिळाला की पुरे' असं होतं, आणि सुरुवातीला विजेत्यांना पदकंसुद्धा देत नसत. आठवडाभर नोकरी करायची आणि शनिवारी बूट बांधायचे. हॅम्लेटनं ही लीग चार वेळा जिंकली, 1920, 1926, 1933 आणि 1949. हौशी क्लबांचा सगळ्यात मोठा मान म्हणजे एफए अमॅच्युअर कप. तोही चार वेळा आणला, 1920, 1932, 1934 आणि 1937. बत्तीसच्या फायनलमध्ये तर मरीन या क्लबला 7-1 असं धुतलं होतं.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. एडगर केल.

याचा जन्म 1900 चा, कॅम्बरवेलचा, म्हणजे तुमच्याच भागातला. ते सांगा त्याला, फार आवडेल. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1915 मध्ये, शाळकरी वयात तो हॅम्लेटकडं आला आणि 1933 मध्ये खेळणं थांबवेपर्यंत हॅम्लेटचाच राहिला. फॉरवर्ड होता. चारशेहून जास्त गोल केले. 1920 च्या अमॅच्युअर कप फायनलमध्ये टफनेल पार्कविरुद्ध एकच गोल झाला, तो याचा. मोठे व्यावसायिक क्लब त्याच्या मागं लागले होते, पण त्यानं कुणाशी करार केला नाही. पोटापाण्याला वेगळी नोकरी होती, आणि खेळायचं ते हॅम्लेटसाठी.

मग मे 1929 आला. इंग्लंडची टीम युरोपच्या दौऱ्यावर निघाली आणि तीत केलचं नाव होतं. पहिली मॅच पॅरिसला फ्रान्सविरुद्ध, इंग्लंडनं 4-1 नं जिंकली आणि त्यात दोन गोल केलचे. दोन दिवसांनी ब्रसेल्सला बेल्जियमविरुद्ध 5-1. आणि त्यानंतर माद्रिद. तिथं स्पेननं इंग्लंडला 4-3 नं हरवलं. ब्रिटिश बेटांबाहेरच्या देशाकडून इंग्लंड पहिल्यांदा हरलं ते त्या दिवशी. त्या टीममध्ये दर शनिवारी डॉग केनेल हिलजवळ फुकट खेळणारा माणूस होता, हे मला आजही विलक्षण वाटतं. इंग्लंडकडून त्या तीनच मॅच तो खेळला.

गोलमागच्या पायऱ्यांवर उभं राहून आमची मंडळी आजही त्याच्या नावानं गातात. त्यांच्यातल्या कुणीही त्याला खेळताना पाहिलेलं नाही. माझ्या शेजारी उभे राहणारे एक आजोबा सांगतात की त्यांचे वडील त्याच्याबद्दल बोलायचे. इतिहास इथं असा उतरत आलाय.

पुणेरी_मिडफील्ड

ताई, सुंदर लिहिलंत. केलबद्दल थोडी भर घालतो, कारण यावर बराच वाद होतो. नॉन-लीग क्लबमधून इंग्लंडकडून खेळलेला शेवटचा खेळाडू केल, असं सर्रास लिहिलेलं आढळतं. पण 1936 मध्ये बर्नार्ड जॉय बेल्जियमविरुद्ध इंग्लंडकडून खेळला. तोही हौशी, पेशानं शिक्षक, आणि कॅज्युअल्स या हौशी क्लबचा. फरक एवढाच की तेव्हा तो आर्सेनलकडूनही खेळत होता. त्यामुळं शेवटचा हौशी खेळाडू जॉय, आणि निव्वळ नॉन-लीगमध्ये खेळून तिथवर पोचलेला शेवटचा केल, असं म्हणणं मला रास्त वाटतं. हॅम्लेटचा आणखी एक माणूस इंग्लंडकडून खेळलाय, गोलकीपर बर्ट कोलमन, 1921 मध्ये.

दुसरं म्हणजे 1948 चं ऑलिम्पिक. चॅम्पियन हिलवर त्यातली दक्षिण कोरिया विरुद्ध मेक्सिको ही मॅच झाली, कोरियानं 5-3 नं जिंकली. आपल्याला जवळचं म्हणजे त्याच स्पर्धेत, दोनच दिवस आधी, आपली टीम लंडनच्या दुसऱ्या टोकाला इलफर्डमध्ये क्रिकलफील्डला फ्रान्सशी खेळली. स्वतंत्र भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक. बहुतेक खेळाडू अनवाणी, कर्णधार टी. आओ. सारंगपाणी रामननं गोल केला, पण आपल्या दोन पेनल्टी वाया गेल्या आणि 2-1 नं हरलो. लंडनच्या अशा लहान मैदानांशी आपलं नातं एवढं जुनं आहे. मुलाला कधीतरी इलफर्डही दाखवा.

शिवाजी_पेठेची

जॉयचा मुद्दा बरोबर आहे, धन्यवाद. इलफर्डचं मी इथल्या माझ्या मल्याळी मैत्रिणीकडून ऐकलं होतं, तिच्या घरी फुटबॉल म्हणजे देवघरातली गोष्ट.

मैदानाबद्दल लिहायचं राहिलं, आणि मला विचाराल तर क्लबची खरी कहाणी तीच आहे.

जुनं चॅम्पियन हिल प्रचंड होतं. 1933 ची अमॅच्युअर कप फायनल, किंग्स्टोनियन विरुद्ध स्टॉकटन, तिथं झाली तेव्हा 20,744 लोक आले होते. हौशी फुटबॉलला तेव्हा एवढी माणसं यायची. पुढं टीव्ही आला, लोक मोठ्या क्लबांकडं वळले, हौशी खेळाडूंना पाकिटातून गुपचूप पैसे द्यायची पद्धत पडली आणि शेवटी 1974 मध्ये हौशी-व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. अमॅच्युअर कपही त्याच वर्षी बंद झाला. हॅम्लेटसारख्या क्लबांची ज्यावर उभारणी झाली होती तेच गेलं. एवढं मोठं मैदान आणि आत काहीशे माणसं अशी अवस्था झाली. 1991 मध्ये जुनं मैदान पाडलं. तुम्ही ज्या सेन्सबरीजमध्ये भाजी घेता ना, ते त्यातूनच उभं राहिलं. शेजारी 1992 मध्ये लहान मैदान झालं, तेच आत्ताचं.

खेळपट्टीवर काहीही घडो, क्लबच्या मानेवर सुरी कायम जमिनीची होती. लंडनमध्ये स्टेशनच्या जवळ एवढी मोकळी जागा म्हणजे बिल्डरच्या दृष्टीनं सोनं. 2014 मध्ये जागा एका बांधकाम कंपनीकडं गेली. तिला तिथं घरं बांधायची होती, परवानगीवरून वाद वाढत गेला, आणि मार्च 2018 मध्ये भर सीझनमध्ये क्लबला स्वतःच्या मैदानाबाहेर काढलं. त्याच सुमारास कळलं की क्लबचं नाव, त्याची अद्याक्षरं, लोक प्रेमानं म्हणतात ते 'द हॅम्लेट', हे सगळं ट्रेडमार्क म्हणून दुसऱ्याच कंपनीच्या नावावर नोंदवलंय आणि क्लबनं ते वापरू नये असं पत्र आलंय. सव्वाशे वर्षांचं नाव, आणि ते छापायची चोरी! मला त्या आठवड्यात नीट झोप लागली नव्हती. आमच्या वॉर्डातली फुटबॉल न बघणारी माणसंसुद्धा चिडली होती.

पण लोक उठले. मोर्चा निघाला, खासदार बोलले, पेकहॅममध्ये वाढलेला इंग्लंडचा माजी खेळाडू रिओ फर्डिनंड पाठीशी उभा राहिला, देशभरातल्या छोट्या क्लबांचे समर्थक आपापले मफलर घालून आले. ट्रेडमार्कचं प्रकरण मागं घ्यावं लागलं. टूटिंग अँड मिचम या शेजारच्या क्लबनं त्यांचं मैदान दिलं. खरं तर जुने प्रतिस्पर्धी, पण दार उघडलं, हे मी कधी विसरणार नाही. आणि त्या परक्या मैदानावर मे 2018 मध्ये हॅम्लेटनं हेंडनला प्लेऑफ फायनलमध्ये टायब्रेकरवर हरवून नॅशनल लीग साउथ गाठली, म्हणजे वरून सहावी पायरी. तिथवर क्लब आधी कधीच पोचला नव्हता. घर नाही, आणि त्याच वर्षी बढती! त्यानंतर डिसेंबरमध्ये, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, टीम चॅम्पियन हिलला परत आली. 2023 ला खालच्या पायरीवर, परत इस्थमियन लीगमध्ये, यावं लागलं. माणसं तेव्हाही येत राहिली.

विक्रोळी_ते_कॅम्बरवेल

ताई, मुलाला काल सगळं वाचून दाखवलं. केल कॅम्बरवेलचा हे ऐकून तो नकाशा घेऊन बसलाय. मिडफील्ड साहेबांचेही आभार. दोन शंका. सगळे बिअर पिऊन उभे असतात असं ऑफिसातल्या एकानं सांगितलं, लहान मुलाला नेणं ठीक आहे ना? आणि बायको विचारतेय की तिथं मुलींची टीम आहे का, कारण आमची धाकटी सात वर्षांची आहे आणि तिलाही यायचंय.

शिवाजी_पेठेची

बिनधास्त न्या. बिअर असते, कारण वरच्या पाच पायऱ्यांवर मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला कायद्यानं बंदी आहे, ती इतक्या खाली लागू नाही. पण शिवीगाळ, वर्णद्वेष इथं खपवून घेत नाहीत. एकदा एका माणसानं समोरच्या टीमच्या खेळाडूला रंगावरून काही म्हटलं, तर त्याच्या आजूबाजूचे लोकच त्याला फाटकापर्यंत घेऊन गेले. नाईटनंतर मी एकटी बाई जाते, मला कधी अवघडल्यासारखं झालेलं नाही.

मुलाला गोलच्या मागंच उभं करा, खुर्च्यांवर नको. हाफटाइम झाला की अख्खा घोळका उठून मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागं जातो, कारण आपली टीम आता त्या बाजूला हल्ला करणार. त्याला त्या घोळक्याबरोबर चालू द्या. गोलकीपर हातभर अंतरावर असतो, तो डिफेंडरवर काय ओरडतो ते शब्दन् शब्द ऐकू येतं. टीव्हीवर दहा वर्षं बघून कळत नाही ते तिथं एका दुपारी कळतं.

महिलांची टीम 2019 पासून आहे आणि तीही चॅम्पियन हिलला खेळते. धाकटीला आधी त्याच मॅचला आणा असं मी म्हणेन. मॅच संपल्यावर खेळाडू कुंपणाशी येऊन पोरींशी बोलतात, त्यांच्या वहीवर सही करतात. माझी भाची आली होती तेव्हा एका डिफेंडरनं तिला बुटाची लेस सुटू नये म्हणून डबल गाठ कशी मारायची ते खाली बसून दाखवलं होतं.

मैदान ईस्ट डलिच स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. थंडीचे जाड मोजे घाला, पायऱ्यांचं काँक्रीट फार गार पडतं. आणि केलच्या नावाची पाटी रस्त्याच्या तोंडाशीच आहे, मुलाचा फोटो तिथं काढून घ्या. शनिवारी याल तर इथं कळवा, मी गोलमागं डाव्या हाताला असते, गुलाबी टोपी.